कुत्र्याची एकादशी

अण्णाचं वापरून झालं की ते माझं व्हायचं, हा आमच्या घरचा नियम होता. त्याचे सदरे, चपला, कंपासपेटी, सायकल. सायकल माझ्याकडे आली तेव्हा तिला घंटी नव्हती आणि ब्रेक एकाच चाकाला होता. वडिलांच्या पगारात एकाच मुलाचं कॉलेज होणार होतं, ते थोरल्याचं झालं. मला नोकरी लागली की तुला शिकवीन, असं अण्णा म्हणाला होता. नोकरी लागली, तीही बँकेत. मग तो म्हणाला, आता तुझं वय गेलं, त्या पोरांबरोबर बाकावर कुठे बसतोस. तोवर मी पापनाशमच्या एका भातगिरणीत फाटक्या पोत्यांना दाभणाने ठिगळं लावत होतो. पुढे तीच पोती मी विकत घेऊ लागलो, मग विकू लागलो, मग वखार घेतली. तमिळ मुलखातल्या आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मराठी माणूस म्हणजे शिक्षक, कारकून, फार तर वकील. बारदानाचा व्यापारी कुणी पाहिला नव्हता. पाहुण्यांपुढे माझी ओळख करून देताना अण्णा म्हणायचा, "हा धाकटा. बिझनेस करतो." कसला, ते कधी सांगायचा नाही.

कुत्राही मला असाच मिळाला.

गल्लीवरून केबलच्या तारा जाऊ लागल्या ते दिवस. ज्याला त्याला काहीतरी नवं हवं होतं. कुणी रंगीत टीव्ही आणला, कुणाला नंबर न लावता स्कूटर मिळाली. अण्णा तेव्हा मॅनेजर झाला होता. त्याने राजपाळयमहून पांढरंशुभ्र पिल्लू आणलं, गुलाबी नाकाचं, उंच पायांचं, जातिवंत. त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं. त्या नावाला कुत्र्याने जन्मात कधी ओ दिली नाही. तो ऐकायचा फक्त अक्काचं, आणि अक्का त्याला नुसतं "अरे" म्हणायची.

अक्का आम्हा दोघांहून मोठी. फार लवकर विधवा होऊन परत आली. घराचे दोन भाग होते. पुढच्या भागात अण्णा, वहिनी आणि त्यांची मुलगी. मागच्या भागात अंगण, विहीर आणि मी. माझं लग्न करून द्यायचं कुणाला सुचलं नाही, तोही हिशेब मी अजून मिटवलेला नाही. अण्णाकडे अक्काला एक खोली मिळाली असती. माझ्याकडे तिला स्वयंपाकघर मिळालं, म्हणून ती माझ्याकडे राहिली.

कुत्रा दीडदोन वर्षांचा असताना त्याला पहिलं फेफरं आलं. पुढच्या दारात आडवा पडला, चारही पाय पोहल्यासारखे हलू लागले, जबडा कटकट वाजायला लागला, तोंडाला फेस आला, खाली लघवीचं थारोळं झालं. शेजारचं कुणीतरी लोखंडी किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावलं. आमच्याकडे माणसाला असं झालं की मुठीत लोखंड देतात. कुत्र्याला मूठ कुठली? तो जुडगा त्याच्या पंजाखाली सरकवला. झटका ओसरला, तो उठला आणि आंधळ्यासारखा भिंतींना धडकत फिरत राहिला. थोड्या वेळाने त्याने अक्काला ओळखलं.

वहिनी घाबरल्या. त्याच संध्याकाळी अण्णा साखळी धरून मागच्या अंगणात आला. म्हणाला, तुझ्या वखारीला राखण होईल.

मी साखळी घेतली. मनात म्हटलं, एक बिघडलेली वस्तू आणखी आली. पण फाटकी पोती घेऊन ती चालती करायची हाच माझा धंदा. जे माझ्या हातात आलं ते मी आजवर टाकून दिलेलं नाही.

जनावरांच्या दवाखान्यात गर्दी गाईम्हशींची. डॉक्टर शांत स्वभावाचे होते आणि मला शांत माणसांचा लवकर राग येतो. त्यांनी कुत्र्याला तपासलं, बरंच काही विचारलं, आणि सांगितलं की हा मेंदूचा आजार आहे, बरा होत नाही, पण दाबून ठेवता येतो. माणसांना फिट्ससाठी देतात तीच गोळी, फिनोबार्बिटोन. सकाळ-संध्याकाळ, रोज, ठरल्या वेळी, आयुष्यभर. सुरुवातीला तो झोपाळेल, झोकांड्या खाईल, भूक-तहान वाढेल. घाबरू नका आणि आपल्या मनाने बंद करू नका. मी विचारलं की गुण आल्यावर एकच वेळ दिली तर? ते म्हणाले, हिच्यात सूट मिळत नाही. मग आमच्या मुलखातल्या माणसाला समजेल असं सांगितलं. भाताच्या खाचरात पाणी कसं बोटभर उभं ठेवावं लागतं, तसं हे औषध रक्तात उभं राहायला हवं. पाणी उतरलं की जमीन तडकते.

बसस्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात वेगळीच गंमत. चिठ्ठी वाचून दुकानदार माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायला लागला. ही झोपेची गोळी, अशी तशी देता येत नाही म्हणाला. रोगी कोण? मी म्हटलं, घरी आहे. वय? दोन. दोन वर्षांच्या लेकराला एवढी मात्रा कोण देतो, म्हणून तो उखडला. मी कुत्रा म्हटल्यावर त्याला वाटलं मी त्याची थट्टा करतो आहे. माझा आवाज चढला, रस्त्यावरची माणसं थांबली. शेवटी मी त्याला हाताला धरून समोरच्या एसटीडी बूथमध्ये नेलं आणि डॉक्टरांशी बोलायला लावलं. त्यानंतर मात्र तो माझ्यासाठी एक पाकीट कायम बाजूला ठेवू लागला. मला बघितलं की ओरडायचा, "साक्कुकारर, तुमचा रोगी कसा आहे?" साक्कु म्हणजे पोतं. गावात माझं नाव तेच.

गोळी द्यायचं काम अक्काचं. मी पहाटेच गिरण्यांकडे निघायचो आणि कुत्रा खायचा तिच्याच हातचं. दहीभाताचा एक घास, त्यात गोळी, वर तिची एक थाप. पहिले काही दिवस तो दारुड्यासारखा चालला. मग सावरला. झटके कमी झाले. पण थांबले नाहीत. पंधरवडाभर कुत्रा अगदी ठणठणीत असायचा आणि मग एखाद्या दिवशी कोसळायचा. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकते का? मी अक्काला विचारलं. नाही चुकत, ती म्हणाली. त्यांनी मात्रा वाढवली. पुन्हा तेच. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. अक्का खोटं बोलत नाही, हे गल्लीतल्या शत्रूंनाही ठाऊक होतं.

अण्णाचं मत वेगळं होतं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आधी हे होतं, चंद्राचा परिणाम आहे, असं तो इंग्रजीतून सांगायचा. मला ते पटत नव्हतं. पण झटके खरंच त्याच सुमाराला यायचे, त्यामुळे मला त्याला उत्तर देता येत नव्हतं, आणि ते मला झटक्यांहून जास्त लागायचं.

मग त्याच्या मुलीला बघायला सेलमहून मंडळी आली. आदल्या दिवशी एकादशी होती, पाहुण्यांपुढे काही ठेवता आलं नसतं, म्हणून वहिनींनी द्वादशी धरली होती. केशरी, बोंडा, कॉफी. मुलगी येऊन बसली एवढ्यात मागच्या दारात साखळी खणखणली. मी धावलो तोवर कुत्रा खांबाला धडका देत होता. मुलाच्या आई उठून आल्या आणि त्यांनी ते सगळं पाहिलं. कॉफी पेल्यांत तशीच राहिली. जाताना मंडळी सभ्यपणे बोलली, आडी महिन्यात शुभकार्य करत नाहीत, तो संपला की निश्चय म्हणजे साखरपुडा करायला येऊ म्हणाली. पण अण्णाच्या तोंडावरचा रंग गेला तो गेलाच.

संध्याकाळी तो मागे आला. कुत्रा हाल सोसतो आहे, त्याला एक इंजेक्शन देऊन सोडवणं हीच दया, मी दवाखान्यात बोलतो, असं त्याचं म्हणणं. खूप समजुतीच्या सुरात बोलत होता.

मी एरवी अण्णाला अरेतुरे करतो. राग आला की "तुम्ही" म्हणतो.

"तुम्ही मला कुत्रा दिलात तेव्हा तो वखारीची राखण होता," मी म्हटलं. "आता तो हाल सोसतो, हे तुम्हाला पुढच्या खोलीतून कसं दिसलं?"

"माझ्या मुलीचा प्रश्न आहे."

"कुत्रा माझा आहे."

"घर माझ्या नावावर आहे," अण्णा म्हणाला.

हे तो आजवर कधी बोलला नव्हता. अक्का चुलीपाशी उभी होती, तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. दुसरा कुणी असता तर मी त्याला विहिरीपर्यंत ढकलत नेलं असतं. पण सौद्यात ज्याचा पारा चढतो त्याचा माल जातो, एवढं मी गिरणीत शिकलो होतो. मी खाली बसलो आणि त्याला तिथल्या तिथे बोली लावली. निश्चयाच्या दिवसापर्यंत मुदत. तोवर कुत्र्याला एक जरी झटका आला, तर मी स्वतः त्याला उचलून इंजेक्शनला नेईन. नाही आला, तर कुत्र्याबद्दल या घरात पुन्हा कुणी शब्द काढायचा नाही.

अण्णाने चंद्राचा विचार केला असावा. लगेच कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन मी डॉक्टरांशी भांडलो. तुमचं औषध खोटं आहे असं म्हणालो. त्यांनी माझं भांडण पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाले, औषध लागू नसतं तर मधले पंधरा दिवस बरे गेले नसते. दुसरं एक औषध जोडीला देता येईल, पोटॅशियम ब्रोमाइड, मद्रासहून आणावं लागेल, आणि त्याचा गुण यायला महिने जातील. मी म्हटलं मला महिने नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "औषध बदलण्याआधी तुमच्या घरात काय बदलतं ते शोधा," ते म्हणाले. "कुत्रा सारखाच आहे. गोळी सारखीच आहे. तिसरं काहीतरी हलतंय."

मी शोधलं. पोत्यांवर मारायचं औषध वखारीतून काढून टाकलं. पाणी बदललं. उंदराच्या गोळ्या फेकल्या. कुत्र्याला वखारीत नेणं बंद केलं. चंद्र सोडून सगळं हलवून पाहिलं.

आणि मग गिरणीतल्या हमालांनी काम बंद केलं. पापनाशमला पोचलो तर फाटकाला कुलूप, आत मालक, बाहेर हमाल, मध्ये माझी लॉरी. थोडा वेळ दोन्हीकडच्यांना शिव्या दिल्या आणि दुपारच्या आतच बसने परत आलो. त्या दिवशी एकादशी होती. एकादशीला मी सहसा घरी येतच नसे. अक्का त्या दिवशी चूल पेटवत नाही, पाण्याचा घोटही घेत नाही. तिची एकादशी म्हणजे माझा हॉटेलचा दिवस. सकाळी पोंगल, दुपारी जेवण, संध्याकाळी डोसा, आणि रात्री येऊन झोपायचं.

अंगणात आलो तर अक्का देवघरासमोर जपाला बसलेली आणि कुत्रा तिच्या मांडीला टेकून. त्याची थाळी विहिरीच्या कठड्यावर पालथी घातलेली, घासून, कोरडी.

मी विचारलं की सकाळची गोळी कशात दिली, भात तर नाही.

"आज एकादशी," अक्का म्हणाली.

"तुझी."

"त्याचीपण. दशमीच्या रात्रीपासून तो काही घेत नाही. द्वादशीला माझं पारणं झालं की मग घेतो." आणि कुत्र्याच्या कानामागे खाजवत तिने पुढे म्हटलं, "मी शिकवलं नाही हो. आपणहून धरली त्याने."

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. दशमीची रात्र. एकादशीची सकाळ. एकादशीची संध्याकाळ. आणि मग द्वादशी आणि फेस. आमच्या कॅलेंडरात पौर्णिमा आणि अमावास्या त्यानंतर दोनतीन घरं सोडून येतात. अण्णाचा चंद्र कुठून आला ते मला कळलं.

"डॉक्टरांनी दोनदा विचारलं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला, इतका हळू होता. "तू म्हणालीस, गोळी चुकत नाही."

"चुकली कुठे? उपास होता."

तिचा चेहरा अगदी सरळ होता. ती एका अक्षराने खोटं बोलली नव्हती. आमच्या घरात उपासाच्या दिवशी कुणी जेवलं नाही म्हणून जेवण चुकलं असं म्हणत नाहीत. तो दिवस जेवणात धरतच नाहीत. हा प्रश्न मला कुणी विचारला असता तर मीही तेच उत्तर दिलं असतं.

मला आधी वाटलं की राहिलेल्या सगळ्या गोळ्या एकदम देऊन टाकाव्यात. बाकी राहिली की एकरकमी फेडायची ही माझी सवय. पण हे खाचर होतं, उधारी नव्हती. मी बूथवर पळालो आणि डॉक्टरांना गाठलं. सगळं ऐकून ते म्हणाले, एकच द्या, आत्ता द्या, पुढची नेहमीच्या वेळी, जास्त अजिबात नाही. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले की इतक्या वर्षांत मी कुणाला उपासाचं विचारलं नव्हतं, आता विचारत जाईन.

परत येऊन मी केळं सोललं, त्यात गोळी घातली आणि कुत्र्यापुढे धरलं. त्याने वास घेतला आणि अक्काकडे बघितलं. मग डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं जबडा उघडून घशात सारून पाहिली. त्याने गिळल्यासारखं केलं, ती गोळी नंतर माझ्या बाहीत सापडली.

"तो माझ्या हातचंच खातो," अक्का म्हणाली. अभिमानाने नाही, नुसतं सांगितलं.

आता सौदा तिच्याशी होता. गिरणीवाल्यांशी, हमालांशी, लॉरीवाल्यांशी, त्या नव्या प्लास्टिकच्या पिशव्यांच्या कंपनीच्या टायवाल्या पोरांशी मी सौदे केले आहेत. अक्काशी कधी केला नव्हता. मी सांगितलं की उद्या याला झटका आला तर मी शब्दाला बांधलेला आहे, याला इंजेक्शनला न्यावं लागेल. तिला ते समजलं. तिचा हात कुत्र्याच्या पाठीवरच थांबला. पण तिने केळं उचललं नाही.

"एकादशी मोडली तर त्याचं पाप?"

"माझ्या माथी."

"तुझ्या माथ्यावर आता जागा कुठे आहे?"

मी म्हटलं की औषधाने व्रत मोडत नाही, शास्त्रातच आहे, मठातल्या कुठल्याही आचार्यांना विचार. तिने मान डोलावली. ते तिला माझ्याआधी ठाऊक होतं. तिचं अडलं होतं ते दुसरीकडेच.

"चाळीस वर्षं मी हे एकटीने करते," ती म्हणाली. "अण्णाकडे त्या दिवशी उप्पीट असतं. तू हॉटेलात. या घरात माझ्यासोबत उपाशी बसला तो हा एकटा."

सौद्याचा पहिला नियम आहे की आधी आपण बोलायचं नाही. मी बोललो. "काय हवं ते माग," मी म्हटलं.

"त्याची एकादशी तू धर."

मी हसलो. ती हसली नाही. मग मी घासाघीस सुरू केली. दिवसातून चारदा खाणारा माणूस मी, पोटात काही नसलं की माणसांच्या अंगावर जातो. पौर्णिमेकडची धरतो, अमावास्येकडची सोड. नाही. दुपारपर्यंत धरतो. नाही. फळं चालू दे. तिने केळ्याकडे बोट दाखवलं, ते रोग्याचं म्हणाली. पाणी? पाण्याला ती कुरकुरत हो म्हणाली, तुळशीचं, तेही माझ्या वयाकडे बघून. कॉफी? मी कॉफीसाठी सगळ्यात जास्त झुंजलो. पेला नको, अर्धा पेला. दुधाशिवाय. नुसता वास. तिने एकच सूट दिली. द्वादशीच्या पहाटे घरातला पहिला डिकॉक्शन, कॉफीचा तो दाट अर्क, माझ्या पेल्यात, तिच्या पारण्याची वाट न बघता.

त्या सौद्यात मी उघडा पडलो होतो आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

"आजपासून," ती म्हणाली. पोंगल माझ्या पोटात होतं, ते तिने माफ केलं. मग केळं घेतलं, कुत्र्याला "अरे" म्हणाली, आणि त्याने ते एका घासात गिळलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. एक सकाळची आणि एक रात्रीची आधीच चुकली होती, पाणी उतरलेलं होतं. कुत्र्याजवळ पोतं टाकून बसून राहिलो. दुपारी त्याचा ओठ थरथरला, डोळे एका बाजूला गेले. अण्णा खिडकीत होता. मी कुत्र्याच्या अंगावर हात ठेवला आणि त्याला वाट्टेल त्या शिव्या देत राहिलो, मराठीत आणि तमिळमध्ये. थरथर थांबली. त्याने माझा हात चाटला आणि झोपला. संध्याकाळची गोळी वेळेवर गेली.

आडी संपेपर्यंत मी आणखी एक एकादशी धरली. त्या दिवशी तिघा हमालांशी भांडलो, एका गिरणीवाल्याचा सौदा मोडला, आणि हॉटेलच्या दारावरून जाताना श्वास रोखून गेलो. अक्का संध्याकाळी म्हणाली, तुझ्यापेक्षा कुत्रा बरा होता, गप्प बसायचा. द्वादशी झटक्याविना गेली. खिडकीतून अण्णा कॅलेंडर बघत होता हे मला दिसत होतं.

निश्चयाचा मुहूर्त निघाला तो नेमका द्वादशीचा. वहिनींनी बदलून मागितला, जोशी ऐकेनात. अण्णा मागे येऊन म्हणाला की त्या दिवशी कुत्रा वखारीत ठेव. मी म्हटलं, सौद्यात तसं नव्हतं.

आदल्या दिवशी मी धरली. केळ्यातून दोन्ही वेळच्या गोळ्या माझ्यासमोर गेल्या. पहाटे कॉफी माझ्या पेल्यात पडली. मग मी अंघोळ केली, कुत्र्यालाही घातली, आणि दोघे मागच्या दारात बसलो.

सेलमची मंडळी आली. ताटं मांडली, फळं, हळकुंडं, साडी. पुरोहित वाचत होते आणि अण्णाचं लक्ष पुरोहितांकडे नव्हतं, दाराकडे होतं. कुत्रा उंबऱ्यावर पुढचे पाय टाकून झोपला होता. एकदा झोपेत त्याचे पाय हलले. अण्णा अर्धा उठला. कुत्रा स्वप्नात खार पकडत होता, तेवढंच. त्याने जांभई दिली आणि कूस बदलली.

विधी झाल्यावर मुलाचे वडील हात धुवायला मागे आले, अण्णा पाणी घालायला बरोबर. त्यांनी कुत्र्याला पाहिलं. मागच्या खेपेचं त्यांच्या घरातून त्यांना सांगितलेलं असणारच. ते म्हणाले, राजपाळयम, चांगल्या रक्ताचा दिसतो, कुणाचा?

"आमचाच," अण्णा हसून म्हणाला. "मी स्वतः आणलेला."

मी उठून उभा राहिलो.

"माझा आहे," मी म्हटलं. "त्याला फेफरं येतं. रोज दोनदा औषध लागतं, ते मी देतो. आणि मी पोत्यांचा व्यापार करतो."

अण्णाच्या हातातला तांब्या वाकडा झाला आणि पाणी पाहुण्यांच्या पायांवर गेलं. पाहुणे थोडे मागे सरले, माझ्याकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं. मग विचारलं की औषध लागू पडलं का. पडलं, मी म्हटलं. मग झालं, ते म्हणाले, आणि उपरण्याला हात पुसत विचारू लागले की सेलमला साबुदाण्याच्या कारखान्यांना पोती लागतात, तिकडे माल पाठवता का.

मंडळी गेल्यावर अण्णा अंगणात आला. "सगळ्यांसमोर हे बोलायची काय गरज होती?"

"होती."

तो कुत्र्याचं कौतुक करेल, निदान सौदा मान्य आहे असं तोंडाने म्हणेल, असं मला वाटत होतं. तो म्हणाला, या महिन्यात पावसामुळे चंद्राचा जोर कमी होता. आणि पुढच्या भागात निघून गेला. त्यानंतर कुत्र्याबद्दल त्याने शब्द काढला नाही, एवढा सौदा मात्र त्याने पाळला. घर अजून त्याच्याच नावावर आहे.

झटके पूर्ण गेले असं मी म्हणणार नाही. वर्षातून एखादा यायचा, लहान, आणि आम्ही त्याला घाबरत नव्हतो. किल्ल्यांचा जुडगा अक्का तरीही जवळ ठेवायची. कुत्रा म्हातारा झाला, त्याचं गुलाबी नाक फिकट पडलं, आणि एका दुपारी अक्काच्या मांडीशी झोपला तो उठला नाही. झटक्याने नाही.

त्यानंतरच्या पहिल्या दशमीला मी अक्काला म्हटलं की सौदा कुत्र्याचा होता, कुत्रा गेला, उद्या मी हॉटेलात जातो.

ती तांदूळ निवडत होती. "जा की," ती म्हणाली. वर बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलो. कठड्यावर थाळी पालथी होती. अक्का देवघरासमोर एकटी बसली होती. मी परत आलो, चपला काढल्या, आणि तिला बजावलं की पहिला डिकॉक्शन माझा, त्यात काही बदल चालणार नाही.

"बस आता," अक्का म्हणाली. "बोलू नको फार, भूक लागते."